एकदा विकलेला माल

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ हे वाक्य आपल्या बाजारपेठांत इतक्या ठिकाणी लिहिलेले आढळते, की वाचणाराला तो या देशाचा कायदाच वाटावा. दुकानाच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी ते टांगलेले असते, पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि पावतीच दिलेली नसेल तर विक्रेत्याच्या तोंडी असते. पादत्राणांच्या दुकानांत पुष्कळदा त्याला आणखी एक शेपूट जोडलेले दिसते : ‘रंगाची व तळाची हमी नाही.’ रंग आणि तळ वगळल्यावर जोड्यात हमी देण्यासारखे उरते तरी काय, असा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात येतो. पण तो ओठांवर येत नाही. छापील अक्षराचा धाक मोठा असतो. विशेषतः ज्यांना आयुष्यभर छापील अक्षरानेच धाकात ठेवले, त्यांच्यावर तो अधिक चालतो.

वस्तुस्थिती अशी आहे, की हे वाक्य म्हणजे कायदा नव्हे. माल सदोष असेल तर ते कायद्याच्या सरळसरळ विरुद्ध आहे. असे असूनही ते भिंतीवरून उतरत नाही. कायदा झाल्यानंतरही बेकायदा पाटी कशी टिकते, आणि ती टिकल्याने कोणाच्या खिशातून किती जाते, याचा विचार सामाजिक चळवळीतील कार्यकर्त्यांनी करावयास हवा. हा प्रश्न सुखवस्तू गिऱ्हाइकाच्या कुरकुरीचा नाही.

जोडा ही काही चैनीची वस्तू नव्हे. पहिल्या पाळीला निघालेला कामगार, वाडीवस्तीवर पायी फिरणारी आशा सेविका, बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक, इस्पितळातील परिचारिका, घरोघर सामान पोचविणारा तरुण, या सर्वांच्या दृष्टीने पायातला जोडा हे कामाचे हत्यार आहे. जून महिन्यात शाळा आणि पाऊस एकदमच दाराशी येतात. मुलाचे काळे बूट आणि बापाची पावसाळी चप्पल यांचा खर्च त्याच महिन्यात निघतो. त्या बुटाचा तळ स्वातंत्र्यदिनाच्या आत सुटला, तर त्या घरी दुसरा जोड सहजासहजी येत नाही. सुखवस्तू माणसाजवळ चार जोड असतात. एक बिघडला तर तो माळ्यावर जातो. ज्याच्याजवळ एकच जोड आहे त्याच्यावर सदोष मालाचा आघात पुरा होतो. म्हणून सदोष वस्तू परत करण्याचा हक्क ज्याला सर्वांत कमी वापरता येतो, त्यालाच त्याची सर्वांत अधिक गरज असते.

कायदा काय म्हणतो

‘गिऱ्हाइकाने आपल्यापुरते सावध राहावे’ हे व्यापारी जगाचे जुने सूत्र आहे. घेणारा आणि देणारा दोघेही मालाचे सारखेच जाणकार आहेत, अशा काळात ते शोभूनही दिसले असेल. गावातला चर्मकार डोळ्यांदेखत चामडे कापून चपला शिवीत असे, तेव्हा घेणाराला माल कळत होता आणि करणाराला गिऱ्हाईक माहीत होते. चप्पल बिघडली तर ती कोणापुढे न्यायची हा प्रश्नच नव्हता. आज जोडा एका राज्यात तयार होतो, त्याचा तळ दुसरीकडून येतो, चिकटवण्याचा द्रव तिसरीकडून येतो, आणि विकणाराला यांपैकी कशाचीही माहिती नसते. अशा व्यवहारात ‘सावध राहा’ हा उपदेश म्हणजे आंधळ्याला ‘नीट बघ’ म्हणून सांगण्यासारखा आहे.

इंग्रजी अमलातील १९३० च्या वस्तुविक्री कायद्यालाही एवढे कळत होते. इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून बेतलेल्या या कायद्याचे सोळावे कलम आरंभी जुनेच सूत्र मान्य करते, पण लगेच त्याला अपवाद सांगते. गिऱ्हाइकाने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या गरजेला बऱ्यापैकी पुरा पडला पाहिजे. व्यापाऱ्याने ज्या वर्णनाने माल विकला, त्या वर्णनाच्या मालाला साजेल असा तो विक्रीयोग्य असला पाहिजे. गिऱ्हाइकाने माल तपासून घेतला असल्यास तपासणीत दिसावयास हवा होता असा दोष त्याला नंतर सांगता येत नाही. परंतु तपासणीत दिसूच शकत नव्हता तो दोष विक्रेत्याच्याच पदरी राहतो.

जोड्याच्या बाबतीत हा अपवाद महत्त्वाचा आहे. दुकानात पाय घालून चार पावले चालल्याने माप कळते, टाके दिसतात. पण तळ आणि वरचा भाग यांच्यामधला चिकटा नीट बसला आहे की नाही, हे कोणत्या डोळ्याने पाहावे ? पॉलियुरेथेनचे तळ हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतात. कोकणासारख्या दमट हवेत गोदामात दीर्घ काळ पडून राहिलेला जोड बाहेरून नवाकोरा दिसतो आणि घातल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा तळ भाकरीसारखा तुटून पडतो. हा दोष विकत घेताना कोणालाही दिसणार नाही. तो गिऱ्हाइकाच्या चालण्यातून निर्माण झालेला नाही. तो पेटीतूनच आलेला आहे.

मात्र त्याच १९३० च्या कायद्यात बासष्टावे कलमही आहे. उभयपक्षी स्पष्ट करार करून, किंवा व्यापारातील रूढीच्या आधारे, या गर्भित अटी दूर सारता येतात असे ते सांगते. भिंतीवरच्या पाटीचे मूळ येथे आहे. पाटी वाचून माल घेतला, म्हणजे करार झाला, असा हा युक्तिवाद. दोन कारखानदारांमधील व्यवहारात त्याला काही अर्थ असेलही. सातशे रुपयांचा जोड घेणाऱ्या माणसाने कोणता करार वाटाघाटीने केला ? त्याला पाटी बदलण्याचा अधिकार होता काय ? इंग्लंडने आपल्या कायद्यातील ही पळवाट सामान्य ग्राहकापुरती १९७३ साली बंद केली, आणि ग्राहकाचे वैधानिक हक्क नाकारणाऱ्या अशा पाट्या दुकानात लावणे हा १९७६ साली तेथे गुन्हा ठरला. आपण त्यांचा १८९३ चा कायदा घेतला, १९७३ ची दुरुस्ती मात्र घेतली नाही.

भारतात परिस्थिती पालटली ती २४ डिसेंबर १९८६ रोजी संमत झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पायऱ्यांची स्वतंत्र न्याययंत्रणा त्याने उभी केली. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. या नव्या कायद्याने दोन गोष्टी निःसंदिग्ध शब्दांत सांगितल्या. विकलेल्या मालाची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. तसेच सदोष माल परत घेऊन त्याची किंमत परत करण्यास, पावतीवर नमूद केलेल्या मुदतीत आणि अशी मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, नकार देणे हीही अनुचित व्यापारी प्रथा होय. माल घरपोच मागविला असला तरी सदोष माल परत घेण्याचे नाकारता येत नाही, असे ई-वाणिज्याविषयीचे २०२० चे नियम सांगतात.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे, कारण हक्काची व्याप्ती फुगवून सांगणारा कार्यकर्ता पहिल्याच वादात तोंडघशी पडतो. हा हक्क सदोष मालापुरता आहे. रंग घरी आवडला नाही, शेजारच्या दुकानात तोच जोड स्वस्त मिळाला, किंवा समारंभ आटोपला म्हणून आता नको, अशा कारणांसाठी माल परत घेण्याचे कायदेशीर बंधन विक्रेत्यावर नाही. तो घेत असेल तर तो त्याचा सौजन्याचा भाग. दोष म्हणजे वस्तूच्या गुणवत्तेत, प्रमाणात वा दर्जात असलेली उणीव. सुटलेला तळ, उसवलेली शिवण, तडकलेले चामडे हे दोष आहेत. बदललेले मन हा दोष नाही.

सातशे रुपयांचे गणित

कायदा इतका अनुकूल असताना सदोष जोडे दुकानात परत का जात नाहीत ? याचे उत्तर माणसाच्या आळसात शोधणे सोपे आहे, पण खोटे आहे. ते गणितात शोधले पाहिजे.

कागदावर यंत्रणा स्वस्त आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या किमतीच्या व्यवहारात जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांपर्यंत करता येते, संगणकावरूनही करता येते. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि मालाची चाचणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत, शक्यतो निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. आयोग दोष दूर करण्याचा, माल बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो.

आता या कागदाच्या शेजारी माणूस उभा करून पाहावा. समजा, सिरोंचाच्या एका मजुराने सातशे रुपयांचा जोड घेतला आणि पंधरा दिवसांत त्याचा तळ सुटला. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली, सुमारे दोनशे किलोमीटर दूर. एका तारखेला हजर राहावयाचे म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळून जोड्याची किंमत निघून गेली. दुसऱ्या तारखेला तो पदरमोड करून लढत असतो. दूरदृश्य सुनावणीची सोय कायद्यात आहे. पण तक्रारीचा मसुदा, प्रतिज्ञापत्र, पावतीची छायाप्रत, ती संगणकावर चढविणे, या प्रत्येक पायरीवर त्याला कोणाचा तरी हात धरावा लागतो. व्यापाऱ्याला हे गणित पाठ असते. शंभर सदोष जोडांमागे दोघे-तिघेच भांडावयास येतील आणि आयोगापर्यंत बहुधा कोणीच जाणार नाही, हा त्याचा हिशेब असतो. पाटी याच हिशेबाच्या खिळ्यावर टांगलेली आहे.

या गणिताला अपवाद घडतात, आणि ते घडले की त्यांचा गाजावाजा होतो. चंदीगडच्या जिल्हा ग्राहक मंचाने २०१९ साली पादत्राणांच्या एका नामांकित कंपनीला ग्राहकाकडून कागदी पिशवीचे ३ रुपये घेतल्याबद्दल सुमारे ९,००० रुपये भरण्याचा आदेश दिला. तीन रुपयांसाठी भांडणारा तो ग्राहक धन्यच. पण तीन रुपयांसाठी भांडण्याइतका वेळ आणि कायद्याची इतकी ओळख किती जणांजवळ असते ? एका विजयाच्या बातमीने हक्क सार्वत्रिक होत नाही.

दुसरी अडचण सिद्धतेच्या भाराची. जोड सदोष होता हे आपल्याकडे ग्राहकाने दाखवावयाचे असते. विक्रेता ठरलेले उत्तर देतो : तुम्ही पाण्यातून चाललात, तुम्ही उन्हात वाळवलात, तुमची चालच वाकडी आहे. चाचणीशिवाय दोष ठरविता येत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवितो, पण त्या चाचणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरावयाचे असते. सातशेच्या जोड्यासाठी प्रयोगशाळेचे शुल्क कोण भरील ? युरोपीय समुदायाने १९९९ सालीच असा नियम केला, की माल हाती आल्यापासून सहा महिन्यांत दिसलेला दोष आरंभापासूनच होता असे सामान्यतः धरावे, आणि तो नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करावे. २०१९ च्या निर्देशाने ती मुदत एक वर्षाची केली. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष माल तीस दिवसांत नाकारून पुरी किंमत परत घेण्याचा हक्क आहे; आणि दुरुस्ती किंवा बदली माल मागताना सहा महिन्यांपर्यंत दोष मूळचाच धरला जातो. ज्याच्या हाती मालाची सर्व माहिती आहे त्याने सिद्ध करावे, हे न्यायाचे साधे तत्त्व आहे. आपल्या कायद्याने ते अद्याप स्वीकारलेले नाही.

तिसरी अडचण खुद्द यंत्रणेची. आयोगांवरील अध्यक्ष व सदस्यांच्या जागा सरकारे इतका काळ रिकाम्या ठेवीत गेली, की २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला आपण होऊन या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. न्यायाधीशच नसलेल्या न्यायालयात तीन महिन्यांत निकाल मिळण्याची तरतूद ही थट्टा ठरते.

दोषाची किंमत कोण मोजतो

मग सुटलेल्या तळाचे पुढे काय होते ? तो जोड रस्त्याच्या कडेला बसलेल्या चर्मकाराकडे जातो. तो चाळीस-पन्नास रुपयांत टाके घालून देतो, आणि कारखान्यातून निघालेल्या चिकट्यापेक्षा त्याचा टाका अधिक दिवस टिकतो. ग्राहक समाधानाने घरी जातो. प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते.

या मिटलेल्या प्रकरणाचा ताळेबंद मांडला पाहिजे. कंपनीने सदोष माल विकला आणि पुरी किंमत घेतली. दुरुस्तीचा खर्च ग्राहकाने केला. आणि तो खर्च इतका अल्प राहिला याचे कारण असे, की पदपथावर उन्हापावसात बसणाऱ्या एका कारागिराच्या कौशल्याला समाजाने कवडीमोल ठरविले आहे. ज्या समाजघटकाला चामड्याच्या कामापायी पिढ्यानपिढ्या अस्पृश्य मानले, त्याच्याच स्वस्त श्रमावर आज मोठमोठ्या पादत्राण कंपन्यांची न दिलेली हमी तोलून धरलेली आहे. कंपनीने जी हमी लिहून द्यावयाची, ती हा कारागीर पदपथावर बसून, नाव न सांगता, निभावून नेत असतो. एका दरिद्री माणसाच्या खिशातून आणि दुसऱ्या दरिद्री माणसाच्या हातातून मिळून एका धनिकाच्या नफ्याला पोचणारे हे अनुदान आहे. परत न केलेला प्रत्येक सदोष जोड म्हणजे त्या अनुदानाचा एक हप्ता.

साखळीच्या दुसऱ्या टोकालाही श्रमिकच आहे. आग्रा, कानपूर, तामिळनाडूतील आंबूर, मुंबईची धारावी, येथील असंख्य कारागीर जोडीमागे मजुरीवर काम करतात. तळ चिकटविण्याचे काम नीट व्हावयाचे तर दोन्ही पृष्ठभाग खरवडून साफ करावे लागतात, चिकटा लावून तो योग्य तेवढा सुकू द्यावा लागतो, मग दाब द्यावा लागतो. यात वेळ जातो. आणि जोडीवर मजुरी घेणाऱ्याला वेळ परवडत नाही. जोडीचा दर ठरविताना कंत्राटदाराने तो वेळ आधीच कापून घेतलेला असतो. म्हणून तळ सुटतो तेव्हा त्यात कारागिराचा हलगर्जीपणा शोधू नये. दोष दरातच शिवलेला असतो.

ग्राहक चळवळीने येथे विशेष सावध राहिले पाहिजे. परत आलेल्या जोडाची किंमत कंत्राटदार कारागिराच्या मजुरीतून कापून घेऊ शकतो, आणि दुकानमालक नोकराच्या पगारातून. तसे झाले तर एका श्रमिकाचा हक्क दुसऱ्या श्रमिकाच्या अंगावर आदळेल. ‘परत घेत नाही’ असे सांगणाऱ्या विक्री-नोकराने ते धोरण ठरविलेले नसते. त्याला फक्त ते सांगण्याच्या कामी बसविलेले असते. त्याच्यावर ओरडून निघून जाणे हा ग्राहकाचा विजय नव्हे. तक्रार लेखी असावी, मालकाच्या आणि उत्पादकाच्या नावे असावी, आणि तिची झळ त्यांच्याच तिजोरीला लागावी, हे पाहिले पाहिजे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की याने मोठ्या कंपन्यांचे काही बिघडणार नाही, पेठेतला लहान दुकानदार मात्र मरेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लहान दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलतो आणि घाऊक व्यापारी त्याच्याकडूनही सदोष माल परत घेत नाही. त्यालाही वरून पाटी दाखविलेली असते. तो ती फक्त खाली दाखवितो. परंतु कायद्यातील ‘व्यापारी’ या संज्ञेत उत्पादकाचाही समावेश आहे, आणि तक्रारीत दोघांनाही पक्षकार करता येते. ग्राहकाने लहान दुकानदाराकडून पावती आणि परतीची लेखी नोंद घेतली, तर त्याच कागदाच्या आधारे दुकानदाराला घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखविता येईल. परतीच्या हक्काचे ओझे साखळीत वर ढकलता आले, तर लहान दुकानदार या लढ्यात ग्राहकाच्या बाजूला उभा राहू शकतो. तो एकटा पडून पाटीचा आश्रय घेतो, याचे कारण त्यालाही कोणी संघटित केलेले नाही.

दुसरा आक्षेप डाव्या विचाराच्या वर्तुळातून येतो : ग्राहकहक्क हे मध्यमवर्गाचे खूळ आहे, उत्पादनसंबंध जैसे थे ठेवून बाजार थोडा सभ्य करण्याचा तो उद्योग आहे. या आक्षेपात तथ्यांश आहे. १५ मार्च १९६२ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी अमेरिकेच्या काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि म्हणणे ऐकले जाण्याचा असे चार हक्क मांडले. त्यांत वस्तू मुळात परवडण्याचा हक्क नव्हता, आणि ती कोणी कोणत्या मजुरीवर केली हा प्रश्नही नव्हता. पण चळवळीचा उगम केवळ तेथे शोधणे ही इतिहासाची विस्मृती होय. १८४४ साली इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या विणकर व अन्य कामगारांनी सहकारी दुकान उघडले ते शुद्ध माल आणि खरे माप मिळावे म्हणूनच. मुंबईच्या नायगावात १९४८ साली गिरणी कामगारांनी उभारलेल्या सहकारी भांडारातून ‘अपना बाजार’ वाढला. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाई प्रतिकार समितीतून लाटणी हाती घेऊन मोर्चे काढले, तेव्हा त्या रस्त्यावर उतरलेल्या ग्राहकच होत्या. पुण्यात १९७४ साली आणि मुंबईत १९७५ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले ते त्यानंतर. कामगार कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला की त्याचा ग्राहक होतो. वेतनवाढीच्या लढ्यात मिळविलेले शंभर रुपये सदोष मालाच्या रूपाने बाजारात काढून घेतले जात असतील, तर तो लढा अर्धाच जिंकलेला असतो.

करावयाचे काम

हक्क एकेकट्याने वापरावयाचा असेल तर सातशे रुपयांचे गणित नेहमी व्यापाऱ्याच्या बाजूने सुटेल. शंभरांनी मिळून वापरला तर ते उलटते. २०१९ च्या कायद्यातच सामूहिक कारवाईची साधने आहेत. कोणत्याही कायद्याखाली नोंदलेली स्वयंसेवी ग्राहक संस्था ग्राहकाच्या वतीने तक्रार करू शकते. सारखेच हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या अनुमतीने एकत्र तक्रार करता येते. अनुचित व्यापारी प्रथेने ग्राहकांच्या मोठ्या समूहाची हानी होत असेल तर तशी लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते. ‘विकलेला माल परत नाही’ ही पाटी अशा तक्रारीचा उत्तम विषय आहे. ती भिंतीवर असते, तिचे छायाचित्र घेता येते, तिला साक्षीदार लागत नाही. एखाद्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी एका रविवारी बाजारपेठ फिरून अशा सर्व पाट्या आणि पावत्या गोळा केल्या आणि त्यांचा गठ्ठा जिल्हाधिकाऱ्यापुढे ठेवला, तर त्या एका दिवसाचे काम दहा व्याख्यानांहून मोलाचे ठरेल.

त्याच्या जोडीला रोजचे लहान काम आहे. प्रत्येक खरेदीची पावती मागण्याची सवय वस्तीत रुजविणे. ‘पावती हवी तर कर वेगळा’ या धमकीला न भिणे. दोष दिसताच जोड वापरणे थांबवून, छायाचित्रे काढून, लेखी तक्रारीची पोच घेणे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर नोंद करणे. आणि ज्याला मसुदा लिहिता येत नाही त्याला तो लिहून देणे. शिधापत्रिकेचे अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्याच्या पिशवीत ग्राहक तक्रारीचाही एक नमुना असावयास हरकत नाही.

कायद्यातील दुरुस्तीसाठी आग्रह धरावयाचा तो चार गोष्टींचा. सहा महिन्यांत दिसलेला दोष मूळचाच मानून सिद्धतेचा भार विक्रेत्यावर व उत्पादकावर टाकावा. १९३० च्या कायद्यातील बासष्टाव्या कलमाचा आधार सामान्य ग्राहकाविरुद्ध घेता येणार नाही, असे संसदेने स्पष्ट करावे. पावतीवर मुदत लिहून हक्क दोन-तीन दिवसांवर आणण्याची जी फट आज शिल्लक आहे ती बुजवून तीस दिवसांची किमान मुदत ठरवावी. आणि पादत्राणांसारख्या वस्तूंसाठी जिल्हा आयोगाने स्थानिक अनुभवी कारागिरांची तज्ज्ञ यादी तयार करून, त्यांना योग्य मानधन देऊन, त्यांचे मत पुरावा म्हणून घ्यावे. तळ चिकट्याच्या दोषाने सुटला की वापराने, हे सांगण्यास प्रत्येक वेळी प्रयोगशाळा लागत नाही. चाळीस वर्षे जोडे उसवून पाहिलेला माणूस ते क्षणात सांगतो. ज्याच्या ज्ञानाला आजवर पदपथाचीच जागा मिळाली, त्याला न्यायासनापुढे खुर्ची मिळाली तर ग्राहकाला स्वस्त न्याय मिळेल आणि एका जुन्या अन्यायाचे थोडेसे परिमार्जनही होईल.

या मागण्या मान्य होण्यास वेळ लागेल. तोवर हाती असलेला कायदा वापरण्यास मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही. सदोष जोड परत घेऊन जाणारा माणूस आज दुकानाच्या पायरीवर ओशाळवाण्या चेहऱ्याने उभा राहतो, जणू काही भीक मागावयास आला आहे. त्याच्याबरोबर आणखी चार माणसे, एक पावती आणि कायद्याचे एक कलम असले, तर ओशाळण्याची पाळी दुसऱ्या बाजूवर येते.